मायक्रोच्या प्रॅक्टिकलचे मार्क कुठे जातात

मायक्रोबायॉलॉजीची एप्रिलमधली प्रॅक्टिकल परीक्षा होती. मी एक्स्टर्नल (बाहेरची परीक्षक) म्हणून दुसऱ्या कॉलेजात गेले होते. शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन मुलींना एकाच बाटलीतलं सस्पेन्शन (जंतू मिसळलेलं पाणी) दिलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडला तर दोघींच्याही जंतू वाढवायच्या प्लेट कोऱ्या. लूप (जंतू उचलायची तार) लाल करून तो गार न होऊ देता तसाच बुडवला की असंच होतं. चर्र आवाज येतो आणि लूपवर चढलेले जंतू जागीच भाजून निघतात.

पहिलीने उत्तरपत्रिकेत गुलाबी, गोल, २ मिलिमीटरच्या कॉलनीचा (प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्याचा) सुबक तक्ता काढला होता. ग्राम निगेटिव्ह, मोटाइल (हालचाल करणारा), सगळं पाठ केलेलं. दुसरीने लिहिलं होतं, "२४ तासांनंतर वाढ नाही. लूप गार झाला नसावा. परीक्षकांकडून तयार प्लेट मागून घेतली व पुढील स्टेनिंग तिच्यावरून केले." खाली त्या तयार प्लेटवरच्या कॉलनीचा तक्ता.

१५ पैकी पहिलीला ५ मिळाले, दुसरीला १०.

पहिली डोळे पुसत आली. "मॅडम, माझा रिझल्ट तर बरोबर होता ना?" होता. दिलेला जंतू ई. कोलायच होता. पण प्लेट कोरी होती, बाई. तू तक्ता कशाचा काढलास?

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २२ वर्षं हा विषय शिकवतेय. एफवायच्या मुलांना हा हिशेब पहिल्याच आठवड्यात कळला तर पुढची रडारड वाचेल, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी आकडे

आमच्याकडे २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल ५० मार्कांचं असतं. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे सत्रभरात ६० तास तुम्ही लॅबमध्ये उभे असता. त्यातले १५ मार्क अंतर्गत, ते आम्ही सत्रभर देतो. उरलेले ३५ शेवटच्या परीक्षेचे. त्यांची फोड साधारण अशी: मोठा प्रयोग १५, छोटा ७, स्पॉटिंग (मांडलेल्या वस्तू ओळखणं) ५, व्हायवा ४, जर्नल ४. विद्यापीठ बदललं की आकडे बदलतात. तुमच्या अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये ते दिलेले असतात. ते एक पान छापून जर्नलच्या कव्हरला आतून चिकटवा. दरवर्षी साठातली दोन-तीनच मुलं हे करतात.

आता मोठ्या प्रयोगाचे १५ मी कसे देते ते सांगते. तत्त्व आणि कृती ३, हाताचं काम ५, निरीक्षणं ५, निष्कर्ष २. ज्या "बरोबर रिझल्ट"साठी मुलं शेजारच्याच्या प्लेटकडे माना वळवतात, त्याची किंमत २ मार्क. त्या दोघींचा हिशेब करून बघा. तत्त्व-कृतीचे दोघींना ३, हाताच्या कामाचे दोघींना २ (लूप दोघींनीही गरमच वापरला होता). निरीक्षणांना पहिलीला शून्य, दुसरीला ४. निष्कर्षाला पहिलीला शून्य, दुसरीला १. प्लेटवर नसलेलं लिहिलं की निष्कर्षही हातचा जातो, तो बरोबर असला तरी.

या मार्कांची पुढे ग्रेड होते: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, असं खाली खाली. ग्रेड पॉइंटला क्रेडिटने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. २ क्रेडिटच्या थिअरीत बी आणि २ क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये ओ असेल तर १२ अधिक २० म्हणजे ३२, भागिले ४, सरासरी ८. थिअरीच्या पेपरात इंग्रजीने अडणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांना वर काढणारी जागा ही आहे, आणि नेमकी तीच मुलं प्रॅक्टिकलला "होऊन जाईल" म्हणतात.

हजेरी ७५ टक्के लागते. एसटी चुकली, कांद्याची गाडी भरायची होती, घरात लग्न होतं, सगळं मी ऐकलेलं आहे आणि त्यातलं बरंचसं खरं असतं. माझं म्हणणं एवढंच, की हुकलेलं प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर करून टाका. शुक्रवारी संध्याकाळी आमचे लॅबमधले मामा सगळी कल्चर (वाढवलेले जंतू) ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरला, लावतात. सोमवारी येऊन "मॅडम, माझी प्लेट?" विचारलंत तर ती शिजून कचऱ्यात गेलेली असते.

लाल वही आणि कच्ची वही

अंतर्गत १५ मार्कांसाठी माझ्याकडे एक लाल वही आहे. दर प्रॅक्टिकलला प्रत्येकाच्या नावापुढे ५ पैकी एक आकडा पडतो: हाताची पद्धत २, नोंद २, आवराआवर १. सत्र संपलं की सरासरी काढून ती १५ वर नेते. वही कधीही मागून बघा, लपवाछपवी नाही.

आवराआवरीचा तो एक मार्क मुलांना हास्यास्पद वाटतो. वापरलेली स्लाइड डिस्कार्ड जारमध्ये गेली का, टेबल अल्कोहोलने पुसलं का, दिवा विझवला का, लेन्सवरचं तेल निघालं का, हात साबणाने धुतले का. हा मार्क मी देत नाही, मामा देतात. ते काही बोलत नाहीत, नुसते टेबलाजवळून जातात आणि मला खूण करतात. एकदा एका हुशार मुलाचा हा मार्क सलग सहा वेळा गेला. त्याने तक्रार केली तेव्हा मामांनी त्याला सूक्ष्मदर्शकाची ती लेन्स दाखवली, तेल वाळून तिच्यावर पिवळी साय धरलेली. पुढच्या बॅचने त्याच लेन्समधून काय बघायचं?

नोंदीसाठी कच्ची वही ठेवा. जर्नल वेगळं. कच्च्या वहीत त्याच दिवशी, टेबलापाशी उभं राहून, जे दिसलं ते लिहायचं. खाडाखोड चालते, डाग चालतात. जर्नल घरी लिहायचं: उजवीकडच्या रेघांच्या पानावर उद्देश, तत्त्व, साहित्य, कृती, निष्कर्ष. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती आणि निरीक्षणांचा तक्ता. जंतूचं नाव हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान. एकच लांब रेघ ओढली तर मी अर्धा मार्क कापते. कुरकुर ऐकून घेते आणि कापते.

जर्नल दर आठवड्याला तपासून सही घ्या. सत्राच्या शेवटी सर्टिफिकेटच्या पानावर विभागप्रमुखांची सही आणि कॉलेजचा शिक्का नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. शेवटच्या तीन रात्रींत लिहिलेलं जर्नल ओळखू येतं. सगळ्या पानांवर एकच पेन, एकच घाई.

दुसऱ्याचं बघून उतरवलेलं तर त्याहून पटकन ओळखू येतं. एका वर्षी एकाच बॅचच्या अकरा जर्नलमध्ये दुधाच्या प्लेटवर ८४ कॉलनी होत्या. अकरा जणांच्या प्लेटवर ८४! बरं, तोही योगायोग मानला असता. पण डायल्युशन (दूध किती पातळ केलं ते) दहाच्या उणे पाचव्या घाताचं, प्लेटवर टाकलेलं ०.१ मिली. म्हणजे उत्तर ८.४ गुणिले दहाचा सातवा घात, दर मिलीला. अकराही जणांकडे सहावा घात होता. ज्याच्या जर्नलवरून उतारा निघाला, तो ०.१ ने भागायला विसरला होता. बाकीचे दहा जण त्याची चूक मोत्यासारख्या अक्षरात लिहीत बसले.

तुमच्या प्लेटवर ८४ आल्या नाहीत तर नाही आल्या. ३० ते ३०० मधली प्लेट मोजायची, तीनशेच्या वर असेल तर "मोजण्यापलीकडे" लिहायचं, तीसच्या खाली असेल तर तसं लिहायचं. एखाद्या बॅचमध्ये सगळ्यांचीच डायल्युशन चुकतात. तेव्हा चुकलेला आकडा आणि त्याखाली "पिपेट बदलायला विसरलो असावा" एवढी ओळ, याला मी पूर्ण मार्क देते.

ग्राम स्टेनिंग: जिथे निम्मी बॅच घसरते

जंतू रंगवून ते कोणत्या गटातले हे ओळखायचं हे एकच तंत्र तीन वर्षं तुमची पाठ सोडत नाही, म्हणून यावर वेळ घालवा.

स्लाइड स्वच्छ हवी. पाण्याचा थेंब टाकला की तो पसरला पाहिजे. मणी होऊन बसला तर स्लाइड तेलकट आहे, पुन्हा धुवा. सलाईनचा एक छोटा थेंब. कॉलनीतून लूपच्या टोकाला लागेल न लागेल एवढंच घ्यायचं. मुलं श्रीखंड वाढल्यासारखं घेतात. स्मिअर (स्लाइडवर पसरलेला जंतूंचा थर) इतका पातळ हवा की वाळल्यावर स्लाइड वर्तमानपत्रावर धरली तर खालची अक्षरं वाचता यावीत. आधी हवेवर वाळवा, मगच ज्योतीवरून तीनदा फिरवा. ओला स्मिअर ज्योतीवर धरलात की जंतू उकडतात आणि त्यांचे आकार बिघडतात. स्लाइडची पाठ पालथ्या हाताला सोसेल इतकीच गरम व्हायला हवी.

क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी. आयोडीन १ मिनिट, पाणी. इथपर्यंत सगळे बरोबर असतात.

मग अल्कोहोल. ९५ टक्के अल्कोहोल हातात आलं की मुलं घड्याळाकडे बघतात, कारण पुस्तकात सेकंद दिलेले असतात. घड्याळाकडे बघू नका, स्लाइडकडे बघा. स्लाइड तिरकी धरा, वरच्या कडेने थेंब थेंब सोडा. खाली जांभळं पाणी उतरेल. फिकं होत जाईल. ते रंगहीन झालं की त्याच क्षणी नळाखाली. पातळ स्मिअरला हे दहा-वीस सेकंदांत होतं. जाड असेल तर मधला भाग जांभळाच राहतो आणि कडेचा पूर्ण उतरतो, मग एकाच स्लाइडवर दोन्ही रंग दिसतात आणि तुम्ही मला विचारता, "मॅडम, दोन जंतू आहेत का?" नाही, एकच आहे, श्रीखंड जास्त झालं. शेवटी सॅफ्रानिन १ मिनिट, पाणी, टिपकागदाने टिपा. चोळू नका.

जांभळा तो पॉझिटिव्ह, गुलाबी तो निगेटिव्ह. पण अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर पॉझिटिव्हही गुलाबी होतो, आणि कल्चर जुनं असेल तर पॉझिटिव्ह जंतू रंग धरूनच ठेवत नाही. म्हणून १८ ते २४ तासांचं कल्चर. म्हणूनच माझी सगळ्यांना विनंती असते, की एका स्लाइडवर तीन स्मिअर करा: डावीकडे स्टॅफिलोकोकस, उजवीकडे ई. कोलाय, मधे तुमचा अनोळखी. डावा जांभळा आणि उजवा गुलाबी आला तर मधल्यावर विश्वास ठेवा. दोन्ही गुलाबी आले तर स्लाइड फेकून नवीन करा. परीक्षेत हे कुणी सांगितलेलं नसताना केलंत, तर हाताच्या कामाचे पाचही मार्क मी देते, आणि मला माहीत असलेले बरेच एक्स्टर्नलही देतात.

हान्स क्रिस्टियान ग्रामने १८८४ मध्ये बर्लिनमध्ये ही पद्धत छापली, तेव्हा ती सदोष आणि अपुरी आहे हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. सॅफ्रानिनची पायरी तर त्याची नाहीच, ती मागून आली. ज्याच्या नावाची पद्धत तो माणूस स्वतःच्या स्लाइडबद्दल असं लिहू शकतो, आणि आमची एसवायची मुलं "माझी स्लाइड जरा बिघडली" असं लिहायला घाबरतात.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी १० च्या लेन्सने जागा शोधा, मग तेलाचा थेंब, मग १०० ची लेन्स. आता मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, फक्त बारीक स्क्रू. कंडेन्सर वर, डायफ्रॅम उघडा. एवढं करून परीक्षकाला बोलवा आणि स्लाइड दाखवा. स्लाइड न दाखवता नुसता निष्कर्ष लिहून दिलेली उत्तरपत्रिका माझ्यापुढे आली तर मी हाताच्या कामाला दोनच्या वर जात नाही.

परीक्षा दोन दिवसांची असते, हे विसरू नका

फिजिक्सची परीक्षा तीन तासांत संपते. आपले जंतू रात्रभर वाढतात, म्हणून आपली दोन दिवस चालते. पहिल्या दिवशी स्लिप उचलायची, सस्पेन्शन घ्यायचं, स्ट्रीकिंग करायचं (लूपने प्लेटवर रेघा ओढायच्या). मुलांना वाटतं, परीक्षा झाली. मार्क दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतात.

पहिल्या दिवसाचं थोडक्यात. कृती आणि तत्त्व आधी लिहून मोकळे व्हा. प्लेटवर सीट नंबर, तारीख आणि माध्यम (प्लेटमधली अगारची जेली, जिच्यावर जंतू वाढतात) खालच्या भागावर लिहा, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल होतात आणि मग दोन मुलं एकाच प्लेटवर हक्क सांगत उभी राहतात. लूप तापवून अगारच्या रिकाम्या कोपऱ्याला टेकवा, आवाज आला नाही तर तो गार आहे. नळीचा कापसाचा बोळा करंगळीत धरायचा, टेबलावर ठेवायचा नाही. एक्स्टर्नल लांबून फक्त हेच बघत असतो. चार भागांत ओढताना प्रत्येक भागानंतर लूप पुन्हा लाल करायचा. प्लेट उलटी ठेवायची, नाहीतर झाकणाला जमलेलं पाणी कॉलनीवर टपकतं आणि सगळं एकमेकांत मिसळतं.

दुसऱ्या दिवशी प्लेट हातात आली की लगेच लूप खुपसू नका. पाच मिनिटं नुसती बघा. एकटी, शेजार नसलेली कॉलनी निवडा आणि प्लेटच्या पाठीमागून तिच्याभोवती पेनाने गोल करा. मग तक्ता: आकारमान, आकार, रंग, कडा, उंची, पृष्ठभाग, पारदर्शकता, घट्टपणा, ग्राम, हालचाल. तक्त्याच्या डोक्यावर "मॅकोन्की अगार, ३७ अंश, २४ तास" लिहायचं, कारण माध्यमाशिवाय रंगाला अर्थ नाही. ई. कोलाय मॅकोन्कीवर गुलाबी दिसतो तो त्यातला लॅक्टोज आंबवतो म्हणून. साध्या न्यूट्रियंट अगारवर तोच मळकट पांढरा असतो.

आकारमानात "लहान" लिहू नका. पट्टी प्लेटखाली धरा आणि मिलिमीटर लिहा. घट्टपणा बघून कळत नाही, लूपने हलकंच स्पर्श करून बघा: लोण्यासारखी सहज उचलली जाते, की तार सुटते, की कोरडी भुगा होते. हे स्पर्श न करता लिहिलेलं आहे हे आम्हाला कसं कळतं? गोल केलेली कॉलनी अजून अखंड असते.

हालचाल बघायला हँगिंग ड्रॉप (काचेला खाली लटकता थेंब). थेंबाची कड आधी १० च्या लेन्सने शोधा. यात फसवणारी गोष्ट म्हणजे ब्राउनियन हालचाल. यात्रेच्या एसटीत उभी माणसं हलतात तसं: जागच्या जागी सगळे थरथरतात, पण पुढे कुणीच सरकत नाही. ते मोटाइल नव्हे. एखादा गर्दीतून वाट काढत शेजारच्याला ओलांडून गेला, वळला, परत आला, तर तो मोटाइल. स्टॅफिलोकोकस कधीच जात नाही, आणि दरवर्षी निदान चार जण त्याला पळवतात.

रात्री वीज गेली तर? जाते. एका परीक्षेला पहाटेपर्यंत इन्क्युबेटर बंद होता आणि सकाळी कॉलनी टाचणीच्या टोकाएवढ्या. ज्यांनी "रात्री वीज नव्हती, कॉलनी १ मिलिमीटरपेक्षा लहान" असं लिहिलं त्यांचा एकही मार्क गेला नाही. ज्यांनी २ मिलिमीटर लिहिलं त्यांचा गेला.

व्हायवा

मराठीत बोला. पेपर इंग्रजीत असला तरी तोंडी उत्तर मराठीत द्यायला मी कुणाला अडवलेलं नाही. तांत्रिक शब्द तेवढे इंग्रजी ठेवा.

पहिला प्रश्न सोपा असतो, ऑटोक्लेव्हचं तापमान. १२१ अंश, १५ पौंड, १५ मिनिटं, हे सगळ्यांना येतं. मार्क दुसऱ्या प्रश्नात असतो: जंतू दाबाने मरतात का? "हो" म्हणालात की गेलात. दाब फक्त वाफेला १०० च्या वर न्यायला असतो, मारते ती उष्ण, ओली वाफ. तिसरा प्रश्न: काट्यावर १५ पौंड दिसतात, तरी माध्यमात वाढ झाली, का? आई कुकर लावते तेव्हा नळीतून वाफेचा जोरदार झोत आल्यावरच शिट्टी ठेवते, ते आठवा. आतली हवा बाहेर गेली नाही तर काटा १५ दाखवतो पण तापमान १२१ ला पोचत नाही. एका मुलीने हे उत्तर कुकरच्याच भाषेत दिलं होतं आणि माझ्याबरोबरचे परीक्षक खूश होऊन पुढचे प्रश्नच विसरले.

असाच दुसरा: माध्यमात जिलेटिन का नको, अगार का? जिलेटिन ३७ अंशाला पाणी होतं, आणि काही जंतू ते खाऊनही टाकतात. अगार जवळजवळ उकळत्या पाण्याला वितळतो आणि चाळिशीच्या आसपास घट्ट होतो. वाण्याकडे चायना ग्रास म्हणून मिळतो तोच हा. १८८१ च्या सुमारास तो जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत आला तोही स्वयंपाकघरातूनच. तिथे काम करणाऱ्या हेसे यांच्या पत्नी फॅनी घरी जेली करताना तो वापरायच्या.

आणि ७० टक्के अल्कोहोल १०० टक्क्यांपेक्षा चांगलं का? कारण प्रथिनं नासायला पाणी लागतं. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. त्याला शून्य मिळतं, पण पुढचा प्रश्न सोपा येतो. ठोकून दिलं तर आम्ही त्याच भोकात बोट घालत बसतो.

स्पॉटिंगबद्दल जास्त काही नाही. घंटा वाजते, पुढे सरकायचं. नावाला अर्धा मार्क, उपयोगाला अर्धा. डरहॅम ट्यूब ओळखलीत पण "वायू साठवायला" लिहिलं नाही तर अर्धाच. थिअरीसाठी मागच्या पाच वर्षांचे पेपर आणि आकृत्या, यापलीकडे माझ्याकडे गुपित नाही.

विहिरीचं पाणी

एसवायला पाण्याची एमपीएन चाचणी (पाण्यात किती जंतू असावेत याचा अंदाज) असते. मी नळाचं पाणी देत नाही, घरून आणायला सांगते. बाटली मी निर्जंतुक करून देते, भरल्यावर शक्य तितक्या लवकर लॅबमध्ये आणायची, बर्फात ठेवून. दुप्पट तीव्रतेच्या मॅकोन्की ब्रॉथच्या तीन नळ्यांत १०-१० मिली, साध्याच्या तीन नळ्यांत १-१ मिली, आणखी तीन नळ्यांत ०.१. आत उलटी डरहॅम ट्यूब. ३७ अंशाला २४ आणि ४८ तासांनी बघायचं, किती नळ्यांत आम्ल आणि वायू झाला. तिन्ही गटांचे ते तीन आकडे तक्त्यात शोधले की १०० मिलीमागे जंतूंचा आकडा मिळतो. हा अंदाज झाला, खात्रीची चाचणी पुढे असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलीत कोलिफॉर्म (ई. कोलायच्या गटातले जंतू) सापडताच कामा नयेत.

निफाडकडचा एक मुलगा विहिरीचं पाणी घेऊन आला होता. कच्च्या वहीत ३-३-१, म्हणजे ४६०. जर्नलमध्ये मात्र ०-०-० आणि खाली "पाणी पिण्यायोग्य". मी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या.

"मॅडम, घरचं पाणी आहे," तो म्हणाला. "जर्नल एक्स्टर्नल बघतात."

"आणि पाणी कोण पितं?"

तो गप्प झाला. जर्नल मी परत दिलं, सही न करता. ग्रामपंचायतीतून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मिळते, ती किती आणि कशी टाकायची हे आरोग्यसेवकाला विचार, एवढं सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःहून पुन्हा बाटली मागितली. या वेळी ३-०-०, म्हणजे २३. जर्नलचं ते पान त्याने फाडून नव्याने लिहिलं होतं, दोन्ही तारखा, दोन्ही आकडे, आणि दोन्हींच्या खाली "पिण्यास अयोग्य". डावीकडच्या कोऱ्या पानावर, तक्त्याच्या खाली, पेन्सिलीने बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: "टीसीएल टाकून ३ दिवस झाले. आजी म्हणते पाण्याला वास येतो."

ती ओळ मी खोडायला सांगितली नाही. खाली सही केली.